लघु ॲनिमेशनपट : शैली आणि माध्यमद्रव्य

लघु ॲनिमेशनपटाचा आस्वाद घेताना दोन सोप्या वाटा उपलब्ध असतात. एक, कथानक सांगून त्यातील बोध हुडकण्याची. दुसरी, वापरलेल्या तंत्राची नोंद करण्याची. पहिलीत शैली हे आशयाचे वेष्टन ठरते, दुसरीत ती निव्वळ कारागिरी ठरते. या चित्रपटांतील शैलीवैविध्याचा कलात्मक अर्थ दोन्हींपैकी एकीनेही हाती लागत नाही. तो शोधताना बा. सी. मर्ढेकरांचा माध्यमविचार उपयुक्त ठरतो. त्याच्या मर्यादाही येथेच उघड होतात.

मर्ढेकरांच्या मते सौंदर्य हे माध्यमद्रव्याच्या लयबद्ध संघटनेत असते. संवाद, विरोध आणि समतोल ही त्या लयीची तत्त्वे होत. नॉर्मन मॅक्लॅरेन व एव्हलिन लॅम्बार्ट यांचा ‘बिगॉन डल केअर’ (१९४९) हा या सिद्धान्ताचा जणू दृश्य पुरावा आहे. ऑस्कर पीटरसन यांच्या जाझ वादनाच्या साथीने, थेट फिल्मच्या पट्टीवर रंगविलेले आणि कोरलेले आकार येथे हलतात. पात्र नाही, कथा नाही. द्रुत भागांतील रंगांच्या गर्दीला मधल्या विलंबित भागातील काळ्या अवकाशातील बारीक रेषा विरोध करतात आणि तोलही देतात. येथे लयीपलीकडे काही शोधण्याची गरज भासत नाही.

कॅरोलिन लीफ यांच्या ‘द स्ट्रीट’ (१९७६) या चित्रपटाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. मॉर्डेकाय रिचलर यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात मॉन्ट्रियलमधील एका ज्यू कुटुंबातील आजी दीर्घकाळ मरणाच्या वाटेवर आहे आणि तिची खोली आपल्याला मिळावी म्हणून नातू वाट पाहतो आहे. काचेवर ओल्या रंगाने काढलेले चित्र कॅमेऱ्याखाली पुसून, सरकवून पुढचे चित्र घडविले जाते. म्हणजे प्रत्येक चित्राला पुढच्यासाठी जागा रिकामी करावी लागते. घरात जे घडते तेच काचेवर घडते.

युरी नॉर्स्टेइन यांच्या ‘हेजहॉग इन द फॉग’ (१९७५) मध्ये धुके रंगविलेले नाही. दृश्यावर ठेवलेला अतिपातळ कागद चित्रागणिक कॅमेऱ्याकडे उचलून ते निर्माण केले आहे. त्यामुळे न दिसण्याचा अनुभव केवळ त्या लहानग्या प्राण्याचा राहत नाही. तो प्रेक्षकाच्या दृष्टीलाही व्यापतो.

मर्ढेकरांनी चित्रासारख्या कलांचे माध्यम संवेदना, तर वाङ्मयाचे माध्यम भावनात्मक अर्थ असे मानले. लीफ आणि नॉर्स्टेइन यांच्या कृतींत ही विभागणी टिकत नाही : रंग पुसला जाण्याची संवेदना आणि जागा सोडण्याचा भाव एकाच क्षणी, एकाच ठिकाणी प्रतीत होतात. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुसणे म्हणजे मृत्यू, असा काही नियम नाही. तीच क्रिया एखाद्या विनोदी चित्रपटात केवळ खेळकर रूपांतर ठरेल. द्रव्याच्या वर्तनाला अर्थ कथेच्या संदर्भातच लाभतो आणि कथेला घनता त्या वर्तनामुळे येते.

यातून मूल्यमापनाची एक कसोटी निष्पन्न होते. शैली बदलूनही कृतीचा अनुभव अबाधित राहत असेल, तर ती शैली अलंकरण होय. तो अनुभवच नाहीसा होत असेल, तर ती त्या कृतीचे अस्तित्व होय. शैलींच्या वैविध्याचे मोल तंत्रांच्या संख्येत नसून या अपरिहार्यतेत आहे.