पारणे नसलेला उपवास

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मगाव. परंपरा सांगते, की लहानपणीच ती पंढरपुरी दामाशेटी शिंप्यांच्या घरी आली आणि नामदेवांच्या कुटुंबात दासी म्हणून राबली. तिच्या नावावरील सुमारे साडेतीनशे अभंगांपैकी सगळेच तिचे असतील, असे अभ्यासक मानत नाहीत. तरीही त्यांतून उभी राहणारी स्त्री एकच आहे. ती दळते, कांडते, शेण्या वेचते, न्हाते. आणि तिचा विठ्ठल जात्याचा खुंटा धरतो, तिचे केस धुतो. एका सुप्रसिद्ध अभंगात तर खाणेपिणेच देवमय झाले आहे. दर रविवारी वेदीसमोर भाकर स्वीकारणाऱ्या आम्हां ख्रिस्ती वाचकांना तो अभंग विशेष जवळचा वाटतो. दोहोंमागील तत्त्वविचार निराळा आहे, हे मान्य. परंतु अन्न हे देवाच्या भेटीचे ठिकाण आहे, ही जाणीव दोन्हींकडे आहे.

जनाबाईचा समाधिकाल परंपरेने 1350 मानतात. तिकडे इटलीत 1347 साली एका रंगाऱ्याच्या घरी सिएनाची संत कॅथरिन जन्मली. तिचे कबुलीगुरू रेमंड ऑफ कापुआ यांनी लिहिलेल्या चरित्रात तिच्या न खाण्याची सविस्तर हकिकत आहे. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास तिचा आहार भाकर, कच्चा भाजीपाला आणि पाणी एवढाच उरला. पुढे भाकरही सुटली. घास पोटात ठरेना, तेव्हा ती घशात काडी घालून तो बाहेर काढी. 29 एप्रिल 1380 रोजी ती वारली, तेव्हा तिचे वय अवघे तेहतीस होते. पोप पॉल सहावे यांनी 1970 साली तिला चर्चच्या आचार्यपदाचा मान दिला.

या चरित्राचे वाचन कसे करावे, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. रुडॉल्फ बेल यांनी 1985 च्या आपल्या ग्रंथात अशा संतस्त्रियांचे न खाणे आणि आजचा अॅनोरेक्सिया नर्व्होसा यांत साम्य दाखविले. स्वतःच्या जीवनावर ताबा मिळविण्याची धडपड त्यांना त्यात दिसली. दोन वर्षांनी कॅरोलाइन वॉकर बायनम यांनी वेगळी बाजू मांडली. अन्न हेच त्या काळी स्त्रीच्या हातातले क्षेत्र होते. म्हणून तिची भक्तीही अन्नाच्या भाषेत बोलली, आजच्या रोगाचे नाव तिला चिकटवणे अपुरे आहे, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस बायनम यांची सावधगिरी अधिक पटते. सहाशे वर्षांपूर्वीच्या स्त्रीचे निदान कोणी करू नये.

परंतु एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या वाचकांनी विसरू नये. कॅथरिनच्या न खाण्याने अस्वस्थ झालेल्या एका धर्मपुरुषाला तिने स्वतः पत्र लिहिले. त्यात ती सांगते, की आपण दिवसातून एकदोनदा बळेच अन्न घेतो आणि इतरांसारखे जगता यावे म्हणून देवाची प्रार्थना करतो. म्हणजे जिचे न खाणे इतरांना चमत्कार वाटत होते, तिला स्वतःला ते दुखणे वाटत होते! आमच्या संतचरित्रांतून चमत्कार तेवढा उतरतो, प्रार्थना गळते. हा लेखनदोष निरुपद्रवी नाही. प्रायश्चित्तकाळात ताट दूर सारणाऱ्या एखाद्या मुलीकडे कौतुकाने पाहणारे घर याच चरित्रांवर वाढलेले असते.

उपवास आणि आजार यांतला फरक जनाबाईच्या वारकरी परंपरेतील एका साध्या शब्दात सापडतो: पारणे. एकादशी असते, तशी द्वादशीही असते. चर्चचा नियमही असाच मापात आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन दिवस, तेही अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना, साठाव्या वर्षात पाऊल पडेपर्यंत. आजाऱ्यांना त्यातून मोकळीक. ज्या उपवासाला पारणे नाही, तो उपवास नव्हे. 1873 साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी अॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव रूढ केले. भराभर खाऊन ओकून टाकण्याच्या विकाराला, बुलिमियाला, जेरल्ड रसेल यांनी 1979 मध्ये वेगळे ओळखले. या दुसऱ्या विकारात वजन साधारण राहू शकते, म्हणून तो घरच्यांच्या ध्यानी येत नाही. मुलगेही यांतून सुटत नाहीत. अनुवंश, स्वभाव, डाएटचा अतिरेक, अंगलटीवरून होणारी थट्टा अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली असतात. हा नखरा नव्हे, पाप नव्हे, आईबापांचा गुन्हाही नव्हे. मानसिक आजारांत सर्वाधिक प्राणघातक ठरणाऱ्यांपैकी अॅनोरेक्सिया एक आहे.

जेवणाच्या वेळी सबबी सांगणे, जेवताच न्हाणीघरात जाणे, अति व्यायाम, सतत थंडी वाजणे, पाळी थांबणे, भोवळ येणे ही चिन्हे दिसताच प्रथम डॉक्टरांकडे जावे. नाडी, रक्तदाब, रक्तातील क्षार तपासावे लागतात. उपाशी देहाला एकाएकी भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते, हे प्रेमळ आजीबाईंनीही जाणावे. पुढे मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ लागतात. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी पानाला पान लावून बसणे हाच उपचाराचा कणा असतो. ज्या गावी तज्ज्ञ नाही, तेथून जिल्हा रुग्णालय गाठावे, किंवा 2022 पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक लावावा. तेथे मराठीतही बोलता येते. खादाडपणाचे पाप म्हणून कोणी हे दुःख पापनिवेदनात मांडले, तर धर्मगुरूंनी क्षमेबरोबर डॉक्टरांची वाटही दाखवावी.

बरे होणे सावकाश असते. घसरण होते, पुन्हा उठावे लागते. तोवर आमच्या लेखकांनी एवढे करावे: कॅथरिनचे चरित्र सांगताना तिचे ते पत्रही सांगावे. जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला, तो पीठ पडावे म्हणून. आणि पीठ असते, ते कोणाच्या तरी भाकरीसाठी.