राजाबाई टॉवरची गोष्ट आणि आपला पहिला प्रश्न

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातला राजाबाई टॉवर बघायला गेलात, तर एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. प्रेमचंद रायचंद यांच्या आई राजाबाई अंध होत्या. जैन असल्याने त्या सूर्यास्तापूर्वी जेवत. संध्याकाळचा टोला ऐकून त्यांना वेळ कळावी, म्हणून मुलाने टॉवर बांधला!

गोष्ट गोड आहे, पण संशोधक म्हणून ती जरा तपासून बघा. मुंबईत सूर्यास्ताची वेळ वर्षभरात साधारण सव्वा तासाने पुढेमागे होते. म्हणजे नुसता टोला पुरत नाही, त्या दिवसाचा सूर्यास्त पंचांगात बघावाच लागतो. शिवाय प्रेमचंदांचा बंगला भायखळ्याला, म्हणजे टॉवरपासून चार-पाच किलोमीटरवर. तिथपर्यंत टोला ऐकू जाई का? यावरून गोष्ट खोटी ठरत नाही, पण तिला पुरावा लागतो एवढं नक्की.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या गोष्टीने पोट भरतं आणि पुढचे प्रश्न सुचतच नाहीत. टॉवरसाठी दोन लाख रुपये आले कुठून? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या तेजीतून. 1865 मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला आणि स्वतः प्रेमचंदही बुडाले. बांधकाम त्यानंतर, 1869 मध्ये सुरू झालं आणि 1878 मध्ये पूर्ण झालं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा.

दुसरा प्रश्न: सार्वजनिक घड्याळाने वेळ कोणाची दाखवायची? 1880च्या दशकात सरकारने मुंबईवर मद्रासची वेळ लादायचा प्रयत्न केला, लोकांनी विरोध केला. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्यापेक्षा 39 मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ शहरात 1955 पर्यंत टिकून होती. म्हणजे घड्याळ हा सत्तेचाही विषय होता.

2018 पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पर्यटकाला आईची गोष्ट सांगा, हरकत नाही. पण सोबत कापूस आणि 39 मिनिटंही सांगा ना!

तुम्ही विषय शोधत असाल, तर आपल्या गावातल्या अशाच एखाद्या लाडक्या गोष्टीपासून सुरुवात करा. ‘खरी की खोटी’ एवढ्यावर थांबू नका. ‘ही गोष्ट काय झाकते?’ हेही विचारा. प्रबंधाचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडतो.