कौटुंबिक विनोदी मालिका आणि मुलांचे मन : ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चा चिकित्सक विचार

प्रस्तावना :
दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिकेत मूल हे बहुधा हशा मिळवून देणारे पात्र असते. त्याचा हट्ट, त्याची थाप, परीक्षेची धास्ती यांवर प्रसंग रंगतो. त्यामागील मनाचा विचार क्वचितच होतो. २००१ ते २००४ या काळात तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर प्रसारित झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका या दृष्टीने वेगळी ठरते. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर आधारित या मालिकेचे दिग्दर्शन केदार शिंदे यांनी केले होते. मुलांचे ऐकून घेण्याचे काम ही मालिका घरातील कोणाकडे सोपवते आणि का, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

विवेचन :
तुलनेसाठी ‘ग्रोइंग पेन्स’ (१९८५-१९९२) ही अमेरिकन मालिका उपयुक्त ठरते. तिच्यातील वडील मनोविकारतज्ज्ञ आहेत. पत्नी पत्रकारितेत परतल्यावर ते आपला व्यवसाय घरातूनच करू लागतात. येथे ऐकणारा माणूस दुहेरी अधिकाराचा आहे : तो तज्ज्ञ आहे आणि बापही आहे. परक्यांची मने जाणणाऱ्या या माणसाची स्वतःच्या मुलांपुढे होणारी तारांबळ, हे तेथील विनोदाचे एक मूळ होय.

टिपऱ्यांच्या घरात तज्ज्ञ नाही. शेखर व श्यामला यांच्यावर संसाराचा आणि पर्यायाने शिस्तीचा भार आहे. शिऱ्या व शलाका यांचे मन ओळखण्याचे काम प्रामुख्याने येते ते आबांकडे. ही भूमिका स्वतः प्रभावळकरांनी केली होती. आबा निवृत्त आहेत. घराची सूत्रे त्यांच्या हाती नाहीत. त्यांच्या ऐकण्याचे बळ नेमके या अधिकारशून्यतेत आहे. ज्याच्या हाती शिक्षा नाही, त्याच्यापाशी मूल मोकळे होते. शिवाय आबा दैनंदिनी लिहितात. घटना दिवसा घडते, तिचा अर्थ नंतर लावला जातो. मधल्या अवकाशात राग ओसरतो आणि उपदेशाची जागा निरीक्षण घेते.

ही निरीक्षणवृत्ती आपल्या परिसराला परकी नाही. तेव्हाच्या ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर रुजवले. मुलाला शिकवण्याआधी त्याला पाहावे, हा त्या कार्याचा गाभा होता. आबा शिक्षणतज्ज्ञ नव्हेत. तथापि त्यांची दृष्टी याच जातीची आहे.

मालिकेच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. भागाच्या अखेरीस प्रश्न मिटलाच पाहिजे, ही या प्रकाराची अट होय. त्यामुळे दीर्घकाळ टिकणारी उदासी किंवा अध्ययनातील अडचण या चौकटीत सहसा मावत नाही. प्रेमळ आजोबा असले की सारे निभावते, असा समज त्यातून दृढ होऊ शकतो. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारली, यावरून मराठी समाजाला घराबाहेरील जाणत्या मदतीची गरज मालिकेपूर्वीच भासली होती, हे स्पष्ट होते.

वसई-विरारच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. आईवडील पहाटेची लोकल पकडतात, आजी-आजोबा अनेकदा गावी असतात आणि शाळेतून परतलेले मूल कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरते. अशा घरात आबांची जागा रिकामी आहे. ती भरण्यासाठी समुपदेशकाकडे जावे, तर ‘मूल वेडे आहे का?’ हा प्रश्न आडवा येतो.

निष्कर्ष :
१. ‘टिपरे’मधील विनोद मुलाला हसत नाही, मुलाला न समजणाऱ्या मोठ्यांना हसतो.
२. मुलाचे ऐकून घेण्याची पात्रता ही मालिका ज्ञानात वा सत्तेत न शोधता सवडीत शोधते.
३. ही सवड उपचाराला पर्याय नाही. परंतु तिच्यावाचून उपचाराची गरज कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून मालिकेचे मोल स्मरणरंजनापुरते मानणे अपुरे ठरेल.