घर न सोडणाऱ्यांचा इतिहास : अमेरिकेच्या दक्षिणेतील समलिंगी समुदायजीवनाविषयीच्या दोन ग्रंथांची चिकित्सा

समलिंगी व्यक्तींच्या आधुनिक इतिहासाचे कथन बहुतांशी एका ठरावीक वळणाने झालेले आढळते. लहान गावातील जन्म, तेथील घुसमट, महानगराकडे प्रयाण आणि तेथे आपल्यासारख्यांची भेट, असे ते वळण होय. न्यूयॉर्कमधील १९६९ च्या स्टोनवॉल उठावापासून सुरू होणारी चळवळीची हकिकतही याच वाटेने जाते. मराठीत या विषयाची जी चर्चा झाली तीही मुख्यतः महानगरांच्या आधाराने झाली. हमसफर ट्रस्ट (१९९४) मुंबईतला, समपथिक ट्रस्ट (२००२) पुण्यातला. तालुक्याच्या ठिकाणी अध्यापन करणाऱ्या प्रस्तुत लेखकाला एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले होते, "सर, असे लोक मोठ्या शहरातच असतात ना?" प्रश्न निरागस होता, परंतु त्यामागील गृहीतक निरागस नाही. हे गृहीतक ज्या दोन ग्रंथांनी मुळापासून तपासले त्यांची चिकित्सा येथे करावयाची आहे.

पहिला ग्रंथ जॉन हॉवर्ड यांचा 'मेन लाइक दॅट' (१९९९) आणि दुसरा ई. पॅट्रिक जॉन्सन यांचा 'स्वीट टी' (२००८). दोन्ही ग्रंथ मौखिक इतिहासाच्या पद्धतीने सिद्ध झाले असून दोहोंचे क्षेत्र अमेरिकेचा दक्षिण भाग हे आहे. गुलामगिरीचा व त्यानंतरच्या वंशभेदी कायद्यांचा वारसा, बाप्टिस्ट चर्चचे वर्चस्व, नात्यागोत्याचा पगडा आणि 'लोक काय म्हणतील' याची सतत वाटणारी धास्ती ही या प्रदेशाची वैशिष्ट्ये मराठी वाचकाला फारशी परकी वाटू नयेत.

हॉवर्ड यांनी १९४५ ते १९८५ या काळातील मिसिसिपी राज्य अभ्यासासाठी घेतले आहे. महानगरात समुदाय एकत्र जमतो. ग्रामीण मिसिसिपीत तो जमत नव्हता, तर फिरत होता, हे त्यांचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. मोटार, महामार्ग, रस्त्याकडेची विश्रांतिस्थळे यांनी दूरदूरच्या माणसांना एकमेकांशी जोडले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घर, चर्च, शाळा-महाविद्यालय आणि कामाची जागा या दडपणूक करणाऱ्या मानल्या गेलेल्या संस्थांतच भेटीगाठी होत होत्या. शेजारीपाजारी जाणून होते, पण बोलत नव्हते. या व्यवस्थेचे वर्णन हॉवर्ड एक प्रकारची मूक सामावणूक असे करतात. साठच्या दशकात नागरी हक्कांची चळवळ मिसिसिपीत पोहोचली, तेव्हा समलिंगी वर्तनाचा संबंध 'बाहेरून आलेल्या चळवळ्यां'शी जोडला गेला आणि ही सामावणूक विरू लागली, असे ते दाखवितात. पन्नासच्या दशकापेक्षा साठचे दशक अधिक जाचक ठरले, हा निष्कर्ष प्रगतीच्या सरळ रेषेवर विश्वास ठेवणाऱ्यास चक्रावून टाकणारा आहे आणि तो या ग्रंथाचे खरे बळ आहे.

जॉन्सन स्वतः उत्तर कॅरोलायनातील हिकरी या गावचे. दक्षिणेत जन्मलेल्या, वाढलेल्या आणि तेथेच राहिलेल्या साठांहून अधिक कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांची आत्मकथने त्यांनी संकलित केली आहेत; कथनकर्त्यांत एकोणीस वर्षांचा तरुण आहे तसेच त्र्याण्णव वर्षांचे वृद्धही आहेत. शीर्षकातील गोड चहा हे दक्षिणेचे घरगुती पेय, आणि 'चहा' म्हणजे समलिंगी वर्तुळाच्या बोलीत खाजगी बातमी, कुजबुज. हा श्लेष ग्रंथभर निभावलेला आहे. दक्षिणेतील अदब, आडवळणाने बोलण्याची रीत, धर्मनिष्ठा हे सारे या पुरुषांच्या आड येत नाही. उलट त्याच सामग्रीतून ते आपले जग उभारतात, असे जॉन्सन यांचे म्हणणे आहे. चर्चविषयक प्रकरण या दृष्टीने विशेष वाचनीय आहे. व्यासपीठावरून धर्मोपदेशक समलिंगी वर्तनाला पाप ठरवीत असतो आणि त्याच सभागृहातील गायकवृंदात ही मंडळी तन्मयतेने गात असतात. त्यांच्या गळ्यावाचून प्रार्थना रंगत नाही, हे उपदेशकालाही ठाऊक असते. आठवडाभर स्त्री म्हणून वावरणारी आणि रविवारी मात्र पुरुषवेशात चर्चला जाणारी एक व्यक्ती या ग्रंथात भेटते. वाचून झाल्यावर दीर्घकाळ मनात राहते ती हीच.

येथेच प्रस्तुत लेखकाचा मतभेद सुरू होतो. रविवारचा तो पुरुषवेश समुदायात सामावले गेल्याची खूण मानावयाचा की सामावले जाण्यासाठी मोजलेली किंमत? जॉन्सन कथनकर्त्यांवर निवाडा देत नाहीत, ते योग्यच आहे. परंतु समाजावर निवाडा देण्याचेही ते बऱ्याच ठिकाणी टाळतात. हॉवर्ड यांच्याही लेखनात मूक सामावणुकीविषयी एक हळवेपणा जाणवतो. मौनाच्या अटीवर मिळालेली स्वीकृती ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि नाव उच्चारले जाताच ती परत घेता येते. जॉर्जियातील क्लेटन काउंटीचा एक कर्मचारी २०१३ साली समलिंगी खेळाडूंच्या सॉफ्टबॉल स्पर्धेत खेळू लागला आणि त्याची नोकरी गेली; त्या प्रकरणात लैंगिक कलामुळे नोकरीवरून काढणे बेकायदा असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२० साली. गंमत अशी की मौनाविरुद्धचा पुरावा हॉवर्ड यांच्याच ग्रंथात आहे. कार्ल कॉर्ली हा मिसिसिपीचा लेखक साठच्या दशकात समलिंगी प्रेमाच्या स्वस्त कादंबऱ्या लिहीत होता आणि त्या टोपणनावाने नव्हे, स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करीत होता.

या संदर्भात मिसिसिपीतील स्टार्कव्हिल या सुमारे पंचवीस हजार वस्तीच्या विद्यापीठनगरीचे उदाहरण तपशीलाने पाहण्याजोगे आहे. १९७३ साली मिसिसिपी गे अलायन्स या संघटनेने तेथील विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्राकडे एक साधी जाहिरात दिली. समुपदेशन, कायदेविषयक साहाय्य आणि ग्रंथालय उपलब्ध आहे, एवढाच तिचा आशय होता. विद्यार्थी संपादकाने ती नाकारली. वाद न्यायालयात गेला आणि १९७६ साली संघीय अपील न्यायालयाने संपादकाचा अधिकार मान्य केला. २०१४ साली त्याच नगराच्या प्रशासनाने लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव न करण्याचा ठराव केला. वर्षभरात, त्याची चर्चा वाढल्यावर, तो मागे घेतला. फेब्रुवारी २०१८ मध्ये अभिमान मिरवणुकीस नगर मंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी परवानगी नाकारली. आयोजकांनी दावा दाखल केला, मार्चमध्ये पुन्हा मतदान झाले, मते समसमान पडली आणि महापौरांच्या निर्णायक मताने परवानगी मिळाली. २४ मार्च रोजी हजारो लोक त्या रस्त्यावरून चालले. हे लोक नकारानंतरच्या काही आठवड्यांत आकाशातून पडले नव्हते. हॉवर्ड यांनी वर्णिलेली घरे, चर्च आणि वसतिगृहे यांतूनच ते आले होते. म्हणजे मूक जाळे निरुपयोगी नव्हते. मात्र त्या जाळ्याला नगरात जागा मिळाली ती मतदानातून आणि दाव्यातून, शेजाऱ्यांच्या डोळेझाकीतून नव्हे.

दोन्ही ग्रंथांची आणखी एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. दोन्ही पुरुषांचे आहेत. रात्री एकट्याने मोटार घेऊन महामार्गावर जाणे पन्नासच्या दशकात किती स्त्रियांना शक्य होते? वस्तुतः दक्षिणेत उघडपणे संघटना उभारण्याच्या कामात स्त्रियाच पुढे होत्या. उत्तर कॅरोलायनातून निघणारे 'फेमिनरी' हे नियतकालिक सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेतील समलिंगी स्त्रियांचे व्यासपीठ बनले होते. १९९३ साली स्थापन झालेल्या 'सदर्नर्स ऑन न्यू ग्राउंड' या संघटनेच्या सहा संस्थापक समलिंगी स्त्रियाच होत्या, तीन कृष्णवर्णीय व तीन श्वेतवर्णीय; वंश, मजुरी आणि लैंगिकता हे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत ही त्यांची भूमिका होती. जॉन्सन यांनी ही उणीव ओळखून २०१८ साली दक्षिणेतील कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रियांच्या कथनांचा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. 'स्वीट टी' वाचून जो थांबेल त्याने तो ग्रंथही मिळवून वाचावा. चर्च, घर आणि नाते यांविषयीचे जॉन्सन यांचे आधीचे निष्कर्ष त्याच्या शेजारी ठेवून पुन्हा तपासावे लागतात.