डोळे मिटून मान जागेवर येते का, आणि त्यावरून काय ठरतं?

आज एका पेपरकडे जरा बारकाईने बघू. विषय आहे व्हिपलॅश, म्हणजे गाडीला मागून धडक बसल्यावर मानेला बसणारा झटका. अंबाडी नाक्यावरून अकलोलीकडे येताना रिक्षेत असा झटका बसलेलं कुणी ना कुणी तुमच्याही ओळखीचं असेल. एक्स-रे नॉर्मल येतो, तरी मान आखडते आणि चक्करल्यासारखं वाटतं.

यामागचं एक कारण म्हणजे मानेची 'जाणीव' बिघडणं. कवटीखालच्या छोट्या स्नायूंमध्ये ताण ओळखणारे संवेदक दाटीने असतात. डोकं कुठे वळलंय हे मेंदूला डोळे, आतला कान आणि हे स्नायू असे तिघे मिळून सांगतात. रेव्हेल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे मोजायची साधी पद्धत मांडली. डोक्यावर प्रकाशझोत बांधायचा, ९० सेंटिमीटरवर लक्ष्य ठेवायचं, डोळे झाकून मान वळवायची आणि परत मध्यावर आणायची. सरासरी चूक साडेचार अंशांपेक्षा जास्त, म्हणजे लक्ष्यावर साधारण सात सेंटिमीटर, आली तर जाणीव बिघडलेली धरतात.

आता मुख्य पेपर. स्टर्लिंग, जुल आणि सहकारी, ऑस्ट्रेलिया, २००३. व्हिपलॅशचे ६६ रुग्ण पहिल्या महिन्यात तपासले, नंतर तीन महिन्यांपर्यंत पाठपुरावा केला. ज्यांचा त्रास शेवटी मध्यम ते तीव्र राहिला, त्याच गटात ही चूक पहिल्या महिन्यातच जास्त होती आणि तीन महिन्यांनीही तशीच राहिली. बरे झालेल्यांत तसं नव्हतं.

वाचताना वाटतं, सापडलं! चूक मोजा आणि कोण बरं होणार ते सांगा. इथेच थांबायला हवं. गट पाडलेत ते तीन महिन्यांनंतरच्या त्रासावरून. त्यामुळे पेपर एवढंच सांगतो की चूक आणि त्रास सोबत असतात. चुकीमुळे त्रास टिकतो, की जास्त दुखत असल्यामुळे चूक होते? हे त्यातून सुटत नाही. त्याच गटाने २००५ मध्ये सहा महिन्यांचा अंदाज कशावरून बांधता येतो ते पाहिलं. मानेची जाणीवही मोजली होती, पण भाकीत करणाऱ्या गोष्टींत ती आली नाही. आल्या त्या सुरुवातीची वेदना आणि अडचण, वय, थंडीने होणारी वेदना आणि अपघाताचा मानसिक धक्का. पहिल्या पेपरचा हवाला देणाऱ्याने हा दुसराही वाचायलाच हवा, नाही का?

मग व्यायाम फुकट का? २०१४ च्या 'प्रॉमिस' चाचणीत जुनाट व्हिपलॅशच्या १७२ रुग्णांपैकी काहींना वीस सत्रांचा व्यायाम दिला, काहींना एकदाच सल्ला. फरक जवळपास पडला नाही. पण त्यात जाणीव बिघडलेलेच रुग्ण वेगळे निवडले नव्हते. सगळ्यांना एकच औषध दिलं तर ज्याला गरज होती त्याचा फायदा सरासरीत बुडू शकतो. म्हणून ही चाचणी 'व्यायाम निरुपयोगी' असंही सिद्ध करत नाही.

माझं मत असं: ही तपासणी भविष्य सांगायला वापरू नका, व्यायाम निवडायला वापरा. विशेषतः चक्कर येत असेल तर. २००३ मध्येच ट्रेलीव्हन आणि सहकाऱ्यांना चक्कर येणाऱ्या रुग्णांत ही चूक जास्त दिसली होती. अकलोलीच्या कुंडातल्या गरम पाण्याने स्नायू सैल होतात, बरं वाटतं, आणि तेही हवंच. पण डोकं मध्यावर कुठे आहे हे मेंदूला नव्याने शिकवायचं असेल तर नजर आणि मान यांचा सराव वेगळा करावा लागतो. तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

आणि हात बधिर झाला, ताकद गेली किंवा असह्य दुखत असेल, तर कुंड नाही आणि व्यायामही नाही. आधी हॉस्पिटल.

पुढच्या वेळी कुणी 'तुमची चूक सहा अंश, म्हणजे वर्षभर दुखणार' म्हणालं तर घाबरू नका. विचारा, हे कुठल्या पेपरमधून?