घड्याळाचा न्याय आणि क्रमांकाचा न्याय

टोकियो ऑलिम्पिकमध्ये अविनाश साबळे अंतिम फेरीला मुकला, तेव्हा आपल्याकडे ‘दुर्दैव’ हा शब्द सर्रास वापरला गेला. दुर्दैव म्हटले की चर्चा संपते, कारण दैवाला जाब विचारता येत नाही. नियमाला मात्र विचारता येतो. तो माणसांनी केलेला असतो. म्हणून येथे त्या नियमाचीच तपासणी करायची आहे.

आधी घटना पाहू. २०२१ मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तीन शर्यती होत्या. प्रत्येकीतले पहिले तिघे थेट अंतिम फेरीत जाणार होते, आणि उरलेल्यांतून सर्वांत कमी वेळ नोंदवणारे सहा जण. असे एकूण पंधरा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा साबळे हा १९५२ नंतर ऑलिम्पिकच्या या शर्यतीत उतरलेला पहिलाच भारतीय. दुसऱ्या शर्यतीत त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, पण क्रमांक सातवा आला. तिसऱ्या शर्यतीतून थेट पुढे गेलेल्या तिघांचीही वेळ त्याच्यापेक्षा जास्त होती. त्या तिघांत मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली होता, आणि पुढे सुवर्णपदक त्यानेच जिंकले.

‘जास्त वेगाने धावूनही बाहेर’ ही तक्रार ऐकायला बिनतोड वाटते. परंतु लांब पल्ल्याच्या शर्यतीतली वेळ ही एकट्या धावपटूची कमाई नसते. पुढे कोण आहे, सुरुवातीच्या फेऱ्या कोणी ओढल्या, हवा कशी होती, यांवर ती ठरते. एल बक्काली त्या दिवशी दुबळा नव्हता. पहिल्या तिघांत येणे पुरेसे असताना तो अंतिम फेरीसाठी बळ राखून धावला, इतकेच. शिवाय शेवटच्या शर्यतीतल्या धावपटूंना किती वेळेत पोचायचे हे ठाऊक असते. पहिल्या शर्यतीतल्यांना ते कळण्याची सोय नसते. दोन वेगळ्या शर्यतींच्या वेळा एका तराजूत घालणे हाच त्या नियमातला दोष होता.

जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२३ पासून हा दोष काढला. आता स्टीपलचेसच्या प्रत्येक प्राथमिक शर्यतीतले पहिले पाच पुढे जातात. वेळेचा विचार होत नाही. त्याच वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत साबळे सातवा आला आणि बाहेर पडला. २०२४ मध्ये पॅरिसला पाचवा आला आणि अंतिम फेरीत गेला.

हा नवा नियम टोकियोला लावून पाहिला तर काय दिसते? सातवा क्रमांक, म्हणजे साबळे तेव्हाही बाहेरच. केवळ घड्याळ पाहून पंधरा जण निवडले असते, तरच तो आत आला असता. म्हणजे अधिक न्याय्य नियम आपल्या माणसाच्या बाजूने लागतोच असे नाही. न्यायाची मागणी आणि आपल्या माणसाची ओढ या दोन गोष्टी आपल्या क्रीडालेखनाने वेगळ्या ठेवायला हव्यात.

क्रमांकाचा नियमही निर्दोष नाही. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक शर्यतीत दुसरा धावपटू पडल्यामुळे साबळेला अडथळा झाला. भारतीय संघाने दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेतले गेले. तेथे तो तेरावा आला. पण ८ मिनिटे २१.३७ सेकंद वेळ नोंदवून त्याने टोकियोची ८ मिनिटे २२ सेकंदांची पात्रता वेळ गाठली. त्याच्या ऑलिम्पिक प्रवेशाचे मूळ असे एका अपिलात आहे. ज्याच्या बाजूने वेळेत अपील करायला कोणी उभे नसते, त्याच्यासाठी हा नियम अपुराच राहतो.

खरा प्रश्न मात्र मैदानाच्या दारापाशी आहे. पॅरिससाठी पात्रता वेळ ८ मिनिटे १५ सेकंद झाली. म्हणजे दोहाच्या वेळेने हे दार उघडले नसते. आत क्रमांकाचे राज्य आले, पण दारावर घड्याळच बसलेले आहे. आणि चांगली वेळ मिळते ती डायमंड लीगसारख्या शर्यतींत, जिथे वेग ठरवून देणारे पेसमेकर असतात आणि तुल्यबळ सोबत असते. देशातल्या शर्यतींत साबळे बहुधा एकटाच पुढे धावत असे. पॅरिसची पात्रता त्याने जुलै २०२३ मध्ये पोलंडमधल्या सायलेशियात ८ मिनिटे ११.६३ सेकंद धावून मिळवली. जागतिक क्रमवारीचा दुसरा मार्ग आहे, पण तिचे गुणही स्पर्धेच्या दर्जावर अवलंबून असतात. म्हणजे पुन्हा निमंत्रण, प्रवास आणि पैसा.

ऑलिम्पिकच्या एका शर्यतीत एका देशाचे तिघेच, ही मर्यादाही विसरू नये. तिच्यामुळे केनिया किंवा इथिओपियाचा चौथा धावपटू घरी राहतो आणि इतर देशांना जागा मिळते. त्या ‘अन्याया’चा लाभ आपल्याला होतो, म्हणून तो आपल्याला टोचत नाही.

साबळेच्या पाठीशी सैन्यदलाची नोकरी होती, सरकारी योजनेचे साहाय्य होते, अमेरिकेतले प्रशिक्षण होते. एवढे असून त्याला पात्रतेसाठी पोलंड गाठावे लागले. आशियात आणि आफ्रिकेत वरच्या दर्जाच्या, पेसमेकर असलेल्या शर्यती वाढल्याशिवाय पात्रतेचा हा न्याय अर्धाच राहील. प्राथमिक फेरीत हरलेल्याबद्दल निदान आपण लिहितो. दारापर्यंतच न पोचलेल्याची नोंद कोणत्याही निकालपत्रकात नसते.