आधी कात्री कलावंतांवर

थीम पार्कच्या जमाखर्चात कलावंतांची जागा फार अडचणीची असते. नव्या राइडसाठी ओतलेले कोट्यवधी डॉलर भांडवली खर्च म्हणून नोंदले जातात, घसाऱ्याच्या रूपाने पुढच्या अनेक वर्षांवर पसरतात आणि कंपनीची मालमत्ता म्हणून ताळेबंदात दिसतात. गायक, नर्तक, वादक, कसरतपटू यांचे मानधन मात्र चालू खर्चात पडते. राइड बंद केली तरी तिच्यावर घातलेला पैसा परत येत नाही. शो बंद केला की पुढच्याच तिमाहीत बचत दिसू लागते. त्यामुळे काटकसरीचा आदेश वरून आला की खालच्या अधिकाऱ्याच्या हाताला सर्वांत आधी शोच लागतो. अमेरिकेतल्या मोठ्या पार्कांमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत लाइव्ह शोंची जी पीछेहाट झाली, तिचे मूळ प्रेक्षकांच्या बदललेल्या आवडीपेक्षा हिशेबाच्या या मांडणीत आहे, असे माझे मत आहे. आणि ही बचत खरी बचत नाही. कारण कलावंत पार्कला शोभा आणतात हे अर्धेच खरे. पार्कची गर्दी पेलण्याची आणि माणसाला पुन्हा यावेसे वाटायला लावण्याची ताकद बऱ्याच अंशी त्यांच्यावर उभी असते.

या कलेचा इतिहास पाहिला तर ती नंतर चिकटवलेली नाही हे लगेच कळते. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, त्या दिवसापासून तिथे बँड होता. सुरुवातीला दोन आठवड्यांसाठी नेमलेला तो बँड आजही वाजतो. ‘गोल्डन हॉर्सशू’ या दारूच्या गुत्त्याच्या धर्तीवर सजवलेल्या छोट्या नाट्यगृहात त्याच वर्षी सुरू झालेला विनोदी संगीत कार्यक्रम १९८६पर्यंत चालला. त्याचा कणा होता वॉली बोग. हा नट पेकॉस बिल होऊन मंचावर यायचा, तोंडावर मार खायचा आणि मग तुटलेले दात म्हणून तोंडातून पांढरे दाणे थुंकत राहायचा. प्रेक्षकांना वाटायचे आता संपले, तर आणखी एक दात. हसू ओसरायला लागले की किती वेळ थांबायचे आणि पुढचा दाणा कधी सोडायचा, हे त्याला समोरच्या माणसांकडून कळत होते. असे कसब रोज प्रेक्षकांपुढे उभे राहूनच कमावता येते. डिस्नेलँडमध्ये काम करणारा एक शाळकरी मुलगा बोगचे प्रयोग पुन्हा पुन्हा पाहत असे. पुढे तो जवळच्या नॉट्स बेरी फार्मच्या बर्डकेज नाट्यगृहात काम करू लागला. तो मुलगा म्हणजे स्टीव्ह मार्टिन, आणि बोगचे ऋण त्याने जाहीरपणे मान्य केले आहे. अलीकडचे उदाहरण फ्लोरिडातले आहे. ‘फाइंडिंग नेमो’ या चित्रपटावरची संगीतिका २००७ साली डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कमध्ये आली, तिची गाणी रॉबर्ट लोपेझ आणि क्रिस्टन अँडरसन-लोपेझ या जोडप्याने रचली. डिस्नेसाठी त्यांनी एकत्र केलेले ते पहिलेवहिले काम. ‘फ्रोझन’ची गाणी त्यानंतर सहा वर्षांनी आली आणि त्या चित्रपटाने कंपनीला काय दिले ते सांगायला नको. नेमोच्या शोच्या खर्चापुढे हे उत्पन्न कुठल्याच लेखापालाने मांडले नसेल.

कपातीची चाल ओळखीची आहे. सप्टेंबर २०१४मध्ये डिस्नेच्याच एपकॉट पार्कच्या कॅनडा दालनात १९९७पासून वाजणारा ‘ऑफ किल्टर’ हा सेल्टिक रॉक बँड बंद झाला. त्याच सुमारास मोरोक्कोच्या दालनातला ‘मो’रॉकिन’ आणि रस्त्यावर विनोदी नाटुकली करणारी मंडळीही गेली. ‘ऑफ किल्टर’च्या जागी लाकूडतोड्यांच्या कसरतींचा कार्यक्रम आला, तो जेमतेम वर्षभर टिकला. खरा घाव २०२०चा. मार्चमध्ये पार्क बंद झाले, सप्टेंबरअखेर डिस्नेने २८ हजार कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली, आणि वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये नटांच्या ‘ॲक्टर्स इक्विटी’ या संघटनेखाली काम करणाऱ्या सुमारे ७८० कलावंतांपैकी ७२० जणांना नारळ मिळाला. महामारीत गाणे आणि नाचणे शक्य नव्हते, हे मान्य. पण पुढे जे परतले ते कसे परतले ते पाहावे. ‘फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग’ २०२१च्या मे महिन्यात आला तो माकडांच्या वेशातल्या कसरतपटूंच्या कोलांटउड्यांशिवाय. त्या परतायला २०२२चा उन्हाळा उजाडला. नेमोची सुमारे चाळीस मिनिटांची संगीतिका पंचवीस मिनिटांच्या आसपास उरली. डिस्नेच्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कच्या रस्त्यांवर तीसच्या-चाळीसच्या दशकातले दिग्दर्शक, नट्या, पोलीस होऊन येणाऱ्याजाणाऱ्याशी तिथल्या तिथे प्रसंग रचणारे ‘सिटिझन्स ऑफ हॉलिवूड’ परतलेच नाहीत. बंद पडलेल्या शोची निदान बातमी होते, त्याच्यासाठी कोणी हळहळते. आखडलेला शो जाहिरातीत पूर्वीइतकाच मोठा दिसतो, त्यामुळे तक्रार कशाची करायची हेच प्रेक्षकाला कळत नाही. या कलेला अधिक धोका मला या दुसऱ्या प्रकाराचा वाटतो.

आता क्षमतेचा मुद्दा. नेमोचा शो होतो त्या नाट्यगृहात सुमारे १५०० जण बसतात. म्हणजे एका खेळाने १५०० माणसे एकाच वेळी रांगांतून आणि उन्हातून उचलली जातात, बसवली जातात, आणि त्यांना वाट पाहिल्याची नव्हे तर काही पाहिल्याची जाणीव मिळते. शो पंधरा मिनिटांनी आखडला आणि खेळांची संख्या त्या प्रमाणात वाढवली नाही, तर तीच माणसे तितकी आधी पुन्हा रांगेत उभी राहतात. एखादी लोकप्रिय राइड तासाला दीड-दोन हजार माणसे हलवते, पण ती उभारायला वर्षे लागतात. नाटक काही महिन्यांच्या तालमीत उभे राहते आणि हंगाम बदलला की बदलता येते. इथे एक अप्रिय गोष्ट बोलायला हवी. १९९९पासून फुकट असलेली ‘फास्टपास’ची सोय जाऊन २०२१मध्ये तिच्या जागी पैसे मोजून रांग टाळण्याची योजना आली. रांग लांब असणे हे आता विक्रीच्या मालाला पूरक झाले आहे, आणि रांग फुकटात कमी करणारा शो त्या व्यवहारात कोणाच्याच फायद्याचा उरत नाही. कोणी हे ठरवून केले असे मी म्हणत नाही. पण शोच्या बाजूने बोलणारा आवाज कंपनीत त्यामुळे आणखी क्षीण होतो. पैशांची टंचाई हे कारण तर पुढे करताच येणार नाही. २०२३च्या सप्टेंबरमध्ये डिस्नेने पार्क आणि जहाजांच्या व्यवसायात दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. पैसा आहे, तो पोलाद आणि काँक्रीटकडे वळला आहे.

यावर अर्थशास्त्राचा भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की कारखान्यात एका मजुराकडून दरवर्षी अधिक माल निघू शकतो, पण चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. बाकीच्यांचे पगार वाढले की कलावंतांचेही वाढवावे लागतात, आणि प्रयोग तुलनेने महाग होत जातो. मग यांत्रिक पुतळे, प्रक्षेपित चित्रे, ध्वनिमुद्रित आवाज यांच्यावर काम का भागवू नये? हे पुतळे आज थक्क करण्याइतके चांगले झाले आहेत, याविषयी दुमत नाही. पण बॉमोलचा सिद्धांत खर्च का वाढतो ते सांगतो. किंमत कमी होते असे तो म्हणत नाही. उलट सगळीकडे पडदे आणि यंत्रे झाल्यावर माणसाची दुर्मीळता वाढते. तसेच यंत्रेही म्हातारी होतात, त्यांची देखभाल महागते. युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूडमधला ‘वॉटरवर्ल्ड’ हा कसरतींचा शो १९९५चा. ज्या चित्रपटावर तो बेतला, तो त्या काळातला सर्वांत महागडा आणि कमाईच्या मानाने निराशा करणारा. तरी शो तीन दशके टिकला, ओसाका आणि सिंगापूरला गेला. तंत्र तिथेही आहे, भिंतीवरून पाण्यात कोसळणारे विमानसुद्धा आहे. पण खेळ सुरू होण्याआधी बादल्या घेऊन पुढच्या रांगा भिजवणारे, कोण चिडेल आणि कोण हसेल ते क्षणात हेरून त्याच्याकडे वळणारे ते चार-दोन कलावंत काढून टाका, आणि मग उरलेल्या स्फोटांना किती टाळ्या पडतात ते पाहा.

लोक राइडसाठी येतात, शो ही वरची फोडणी, असेही म्हटले जाते. फ्रान्सच्या वांदे प्रांतातले ‘प्यूई द्यू फू’ या समजुतीला सरळ छेद देते. तिथे एकही रोलर कोस्टर नाही. १९७८ साली रात्रीच्या एका भव्य ऐतिहासिक प्रयोगाने सुरुवात झाली, १९८९मध्ये त्याभोवती दिवसाचे पार्क उभे राहिले, आणि रथांच्या शर्यती, शिकारी पक्ष्यांची उड्डाणे, तलवारबाजी पाहायला वर्षाला वीस लाखांहून अधिक माणसे जातात. ‘जाणता राजा’साठी मैदानात हत्ती-घोडे आणि शेकडो कलावंत पाहायला तोबा गर्दी केलेल्या मराठी प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही. मात्र प्यूई द्यू फूचे उदाहरण वापरताना एक गोष्ट लपवू नये: रात्रीच्या त्या प्रयोगातली अडीच हजारांच्या आसपास माणसे परिसरातली स्वयंसेवक आहेत, त्यांना मोबदला नसतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला हा मार्ग खुला नाही, असूही नये. त्या पार्कावरून प्रेक्षक कशासाठी येतो ते सिद्ध होते; कलावंताला पैसे कसे द्यायचे हा प्रश्न सुटत नाही.

उलट बाजूचे सर्वांत टोकदार उदाहरण म्हणजे डिस्नेचे ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’. दोन रात्रींचा मुक्काम, शंभर खोल्या, आणि पाहुण्याला नावानिशी ओळखून कथानकात ओढणारे नट. मार्च २०२२मध्ये उघडलेला हा प्रयोग सप्टेंबर २०२३अखेर बंद झाला. लाइव्ह कलेला गिऱ्हाईक नाही याचा पुरावा म्हणून तो दाखवला जातो. पण दोघांच्या मुक्कामाचा दर सुमारे ४८०० डॉलरपासून सुरू होत होता, आणि तिथे जाऊन आलेल्यांनी सर्वाधिक कौतुक केले ते नटांचेच. अपयश त्या दराचे आणि पार्कपासून तोडून ती कला मूठभरांना विकण्याच्या कल्पनेचे होते. पार्कमधल्या शोचे बळ नेमके याच्या उलट आहे: तिकीट काढून आत आलेल्या कोणालाही तो वेगळे पैसे न मोजता पाहता येतो.

प्रत्येक शो जपलाच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. वर्षानुवर्षे एकाच साच्यात फिरणारे, नटांनाच कंटाळा आलेले खेळही या पार्कांत झाले आहेत आणि ते बंद झाल्याचे दुःख करू नये. पण जुना शो काढणे आणि संच मोडणे यांत फरक आहे. मोडलेला संच पुन्हा जमवताना मानधनापेक्षा महाग पडते ती एकमेकांची सवय: हवेत झेप घेणाऱ्याला झेलणारा कुठे उभा असेल याचा भरवसा, गर्दीत कोणाला छेडायचे याचा जुन्यांकडून नव्यांकडे गेलेला अंदाज. २०२४च्या मे महिन्यात डिस्नेलँडमध्ये पात्रांच्या वेशात वावरणाऱ्या आणि परेडमध्ये नाचणाऱ्या सुमारे १७०० जणांच्या गटाने इक्विटीत सामील होण्याच्या बाजूने ९५३ विरुद्ध २५८ असा कौल दिला. म्हणजे पुढच्या मंदीत कात्री कोणावर चालवायची याचा निर्णय निदान तिथे एकतर्फी होणार नाही. कंपन्यांनाही एक सोपी गोष्ट करता येण्यासारखी आहे. नवा विभाग बांधायला मंजुरी देताना त्यात वावरणाऱ्या कलावंतांचा पहिल्या दहा वर्षांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा, जसा राइडच्या सुट्या भागांचा धरतात, आणि कमी उत्पन्नाच्या तिमाहीत त्याला हात लावायचा तर इमारतीला हात लावण्याइतकीच वरची परवानगी लागावी.